आभाळाचा गोळा आणि मनोहरचा

भात बघायला भंडारा जिल्ह्यात गेलो होतो असं सांगितलं, की कुडाळात लोक माझ्याकडे जरा काळजीने बघतात. भात तर आमच्या दारातच आहे. बायको जाऊन अजून वर्ष झालेलं नाही, माणूस थोडा भरकटला असेल, असा अर्थ ते काढतात आणि चहा मागवतात. चहा चांगला असतो, म्हणून मी खुलासा करत नाही. तो इथे करतो.

सुनंदा लाखांदूर तालुक्यातली. आमच्याकडे विदर्भातून पुष्कळ शिक्षक येतात आणि समुद्राकडे पाठ करून बदलीची वाट बघत बसतात. ती त्यांच्यातलीच एक. मी कॉलेजात ग्रंथपाल. ती पुस्तकं न्यायला यायची आणि परत करायला उशीर लावायची. बदली यायच्या आत आमचं लग्न झालं. तिच्या माहेरी आम्ही जायचो ते मे महिन्यात, तेव्हा तिथे ऊन सोडून दुसरं काही नसतं. मंडई बघायची राहून गेली. दिवाळी झाली, धान कापणीला आलं, की झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या त्या जंगलपट्ट्यात, गावोगाव मंडई भरते. दिवसा जत्रा, रात्री नाटक. तोवर आमच्या दोघांच्याही सुट्ट्या संपलेल्या असत.

यंदा तिच्या धाकट्या भावाचा, मनोहरचा फोन आला. "बाई नाई तं नाई, तुमी तं या भाऊजी. येकटे बसून काय करून राहिले तिकडं?" तिकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात. मी खरोखरच काही करत नव्हतो. गेलो.

लाखांदूर

नागपूरपर्यंतचा प्रवास मी झोपेत केला. वाचकांनीही तो तसाच करावा. पुढे एसटी. पवनी सोडलं आणि दोन्ही बाजूंना धान सुरू झालं. आमचं भात डोंगराच्या कडेकडेने, मिळेल त्या पायरीवर उभं असतं. इथे ते ऐसपैस बसलेलं. हलकं, लवकर येणारं धान कापून झालं होतं, भारी अजून उभं होतं, आणि कापलेल्या धानाचे मोठमोठे पुंजणे बांध्यांमध्ये घरांसारखे रचलेले. बसमध्ये शेजारच्या बाईने मला विचारलं, "कोनाच्या घरी?" मी मनोहरचं नाव सांगताच तिने पिशवीतून उकडलेले शिंगाडे काढून माझ्या ओंजळीत ओतले. "आमच्या सुनंदाबाईचे तुमी?" म्हणाली, आणि लाखांदूर येईपर्यंत तिने मला शिंगाडा दाताने कसा फोडायचा ते शिकवलं. सुनंदाबद्दल ती पुढे काही बोलली नाही. गेल्या काही महिन्यांत मला भेटलेलं हे सर्वांत उत्तम सांत्वन.

स्टँडवर मनोहर स्कूटर घेऊन उभा होता. त्याच्या नखांत लाल, निळा आणि पिवळा असे तिन्ही रंग होते. मनोहर घरचं धान करतो, पण त्याला ओळखतात ते नाटकवाला म्हणून. वडशाच्या एका नाटक कंपनीचे पडदे तो रंगवतो आणि ट्रिक सीन करतो. ट्रिक सीन म्हणजे काय ते कोकणातल्या वाचकांना सांगायला हवं. आमचा दशावतार एका बाकड्यावर होतो. बाकडं म्हणजे सिंहासन, तेच वन, तोच पर्वत. झाडीपट्टीतल्या प्रेक्षकाला असं फसवता येत नाही. देऊळ दुभंगलं म्हटलं की दुभंगलेलं देऊळ दिसलं पाहिजे. साप आला म्हटलं की तो सरपटला पाहिजे. हे सगळं दोऱ्या, बांबू, चकऱ्या आणि कापडातून करणारा माणूस म्हणजे मनोहर.

"यंदा काय करतोयस?" मी स्कूटरवर मागे बसून विचारलं.

"यंदा आभाय पाडतो, भाऊजी," तो म्हणाला आणि खड्डा चुकवला नाही.

घरी मनोहरच्या बायकोने, शकुंतलावहिनींनी, पाटोडीचा रस्सा केला होता. त्यात आमच्याकडे सोलकढी जितकी तांबडी असते त्याहून तांबडा तवंग. सोबत चिन्नोरचा भात. मी आयुष्यभर उकड्या तांदळावर वाढलेला माणूस. हा भात इतका बारीक आणि सुवासिक, की आधी मला तो सणाचाच वाटला. "हे रोजचं?" असं मी विचारलं तेव्हा वहिनी म्हणाल्या, "नाई, रोज हे पोतंभर रंग खातेत आन् मी बघत राहतो." मग त्यांनीच मला खरी गोष्ट सांगितली. मनोहर पाणी आणायला उठला होता.

कंपनीचे मालक धनराजभाऊ यांना एक मोठी एलईडी स्क्रीन घ्यायची होती. बटण दाबलं की देऊळ दुभंगणार, बटण दाबलं की पूर येणार. चकऱ्या, दोऱ्या आणि मनोहर यांचं काम संपलं. मनोहरने महिनाभर त्यांच्या मागे लागून एवढंच मिळवलं होतं, की या मंडईत त्याने एक नवा सीन करावा. लोकांना आवडला तर स्क्रीन नको.

"आन् नाई आवडला तं?" मी त्यांच्याच बोलीत विचारायचा प्रयत्न केला.

"तं पडदे रंगवनारा मानूस घर रंगवंन," वहिनी म्हणाल्या. "आमच्या घराले बी जरूरत हायेच."

मंडईचा दिवस

सकाळी मनोहरने मला त्याचा गोळा दाखवला. बांबूच्या कामट्यांची मोठ्या भोपळ्याएवढी टोपली, तिच्यावर लाल-पिवळा जिलेटीन कागद, आत गाडीच्या दिव्याचा बल्ब आणि बॅटरी, मागे चमकत्या पन्नीच्या पट्ट्यांची लांब शेपटी. नाटकात एक दुष्ट माणूस सख्ख्या भावाला विहिरीत ढकलून त्याची जमीन लाटतो. शेवटच्या अंकात आईचा शाप लागतो, आकाशातून आगीचा गोळा पडतो आणि त्याच्या बंगल्याचे दोन तुकडे होतात. मनोहरला खरी आग हवी होती. पण पोलीस पाटलांनी आजूबाजूच्या पुंजण्यांकडे बोट दाखवलं आणि विषय तिथेच संपला. म्हणून बल्ब.

मैदानाच्या मागच्या बाजूला चिंचेचं मोठं झाड होतं. तिथून स्टेजच्या माथ्यापर्यंत, प्रेक्षकांच्या एका बाजूने, तार ओढली होती. गोळ्याला एक दोर बांधलेला; तो झाडावरच्या चकरीतून खाली, बुंध्याशी उभ्या असलेल्या बंडूच्या हातात. बंडू मनोहरचा जुना जोडीदार, अंगाने दणकट, स्वभावाने घाबरट. त्याने दोर सैल सोडला की गोळा घरंगळत स्टेजवर जायचा.

दिवसभर मंडई. जिलेबी, ऊस, बांगड्या, पानाची दुकानं, आणि मधूनमधून ढोलकी वाजवत, नाचत जाणारी दंडारीची मंडळी. मला ओळखणारे लोक निघाले. ते "राम राम जवाईबुवा" म्हणायचे, क्षणभर थांबायचे, आणि मग थेट धानाबद्दल बोलायला लागायचे. तुमच्याकडे एकरी किती होतं, पाऊस किती, खेकडे बांध पोखरतात का. मीही उत्तरं दिली. खेकड्यांवर मी बराच वेळ बोललो, हे नंतर माझ्या लक्षात आलं. फाल्गुनापासून मी कुठल्याच विषयावर इतका बोललो नव्हतो.

नाटक रात्री उशिरा सुरू झालं. स्टेजवर मंडप, स्टेजसमोरच्या खड्ड्यात ऑर्गन आणि तबला, आणि आम्ही सगळे उघड्या आभाळाखाली, तणसावर, म्हणजे धानाच्या पेंढ्यावर, सतरंज्या टाकून. दुसऱ्या अंकात नायिका बागेत गात होती. गाणं लांब होतं. मी तिच्यामागच्या गुलाबांकडे बघत होतो, कारण ते मनोहरने फार मनापासून रंगवले होते.

आधी माझ्या पुढच्या बाईचा अंबाडा हिरवा झाला.

मग सगळ्यांच्याच पाठी हिरवट उजळल्या, आणि बांबूंच्या सावल्या लोकांच्या अंगांवरून सरकायला लागल्या. मी वर बघितलं. उत्तरेकडून, बपेऱ्याच्या अंगाने, एक गोळा येत होता. अजिबात घाई नसल्यासारखा. पुढून हिरवट पांढरा, मागे नारिंगी शेपूट, आणि शेपटीतून निसटून मागे राहणाऱ्या ठिणग्या. आवाज काहीच नाही. तो आमच्या डोक्यांवरून गेला, गडचिरोलीच्या जंगलाकडे उतरता उतरता फुटला, आणि विझला. आभाळात एक धुरकट रेघ तेवढी राहिली.

यावर टाळ्यांचा कडकडाट झाला.

खरंच झाला. शिट्ट्या झाल्या, टोप्या उडाल्या, "वा रे मनोहऱ्या!" अशी आरोळी उठली. गाव त्याचंच, मनोहर यंदा आभाळ पाडणार हे महिनाभर सगळ्यांना माहीत होतं, तेव्हा त्यांचं काय चुकलं? मीही टाळ्या वाजवल्या. पोलीस पाटलांनी एवढ्याला परवानगी कशी दिली, असं मात्र माझ्या मनात आलं. जरा वेळाने दूरवर गडगडाट झाला तेव्हा लोकांनी पुन्हा टाळ्या दिल्या. मेघगर्जनेसाठी पत्रा हलवणारा माणूस पत्र्यापासून दूर उभा राहून दोन्ही हात वर करून दाखवत होता, मी नाही, मी नाही. त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं. मंडपाखालच्या नायिकेला तर काहीच दिसलं नव्हतं; तिला फक्त सगळं गाव तोंड वर करून ओरडताना दिसलं. तिने गाणं जोरात म्हटलं.

मनोहर चिंचेखाली होता. मी उठून गेलो तेव्हा तो वरच बघत उभा होता, आणि बंडू खाली बसून हात झाडत होता.

"मले वाटलं आपलाच सुटला!" बंडू म्हणाला. "दोर हातात हाय आन् गोळा चालला! मी खेचला ना जीव लावून!" त्याने इतका जीव लावून खेचला होता, की दोराने त्याच्या तळहातांची साल काढली होती आणि वर चकरीतून तो निसटून कडेला अडकला होता.

मनोहर झाडावर चढला, अंधारात काहीतरी ठोकलं, खाली आला. पण शेवटच्या अंकात, शाप देऊन झाल्यावर, त्याचा गोळा निघाला तो अडखळतच. थोडा गेला, थांबला. पुन्हा थोडा गेला. मग प्रेक्षकांच्या कडेला अधांतरी लटकून राहिला आणि उघडझाप करायला लागला. बंगला बिचारा आपला आपणच दुभंगला.

मग कोणीतरी म्हणालं, "हे काय, त्याचं पिल्लू व्हय का?"

मैदान हसून लोळलं.

दुसरी सकाळ

सकाळी मनोहरच्या अंगणात निम्मं गाव आणि पूर्ण गोंधळ. त्याला शाबासकी द्यायला लोक येत होते. पहिला गोळा कसा केला ते सांग म्हणत होते, आणि दुसरा कायले केला असंही विचारत होते. मनोहर प्रत्येकाला सांगत होता, की पहिला माझा नव्हता.

"मंग कोनाचा?"

"आभायाचा."

"सांगायचं नसंन तं नोको सांगू गा. आमी काय चोरून नेतो काय?"

शेजारच्या एक म्हाताऱ्या आजी आल्या. तारा तुटला म्हणजे कुठेतरी माणूस गेलं असणार, म्हणून त्या पहाटेपासून सगळ्या नातेवाइकांना फोन लावत होत्या. सगळे ठणठणीत निघाले होते आणि झोपमोड केली म्हणून दोघांनी त्यांना शिव्याही दिल्या होत्या. बोलता बोलता त्यांची नजर माझ्यावर पडली आणि त्यांनी हातातला फोन पदराखाली लपवला. "आमच्याकडची बातमी जुनी आहे आजी," मी म्हटलं. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि वहिनींकडे चहा मागितला.

मग वहिनींच्या बहिणीचा फोन आला. ती चिखल्याला असते, मॅंगनीजच्या खाणीजवळच्या कॉलनीत. वहिनींनी फोन मोठ्या आवाजावर टाकला. तिकडेही गोळा दिसला होता. रात्रपाळीची माणसं आधी खाणीकडे बघायला लागली, मग वर. फोनवरून व्हिडिओही आला. अंगणातल्या सगळ्यांनी तो बघितला. हिरवा गोळा, नारिंगी शेपूट, आणि मागे कुणाचं तरी "अरे बाप रे."

मला वाटलं, सुटलो.

"चिखल्यावरून बी दिसला?" एक जण म्हणाला. "मंग केवढा मोठा केला असंन बा!"

वहिनी पदराने तोंड झाकून हसत आत गेल्या. पण दुपारपर्यंत व्हिडिओ बालाघाटहून आले, नागपूरहून आले, आणि गावाच्या लक्षात आलं. लक्षात आल्यावर लोकांनी मनोहरला काहीच म्हटलं नाही. येणं मात्र बंद झालं. त्याच्या नावाचं आता फक्त पिल्लू उरलं होतं.

अडचण चुलबंद नदीच्या पलीकडून आली. तिथल्या गावात एक दिवस सोडून हेच नाटक होतं. मंडळाचे अध्यक्ष देवरावजी पहिल्या रात्री आमच्याकडे नाटक बघून गेले होते आणि सकाळ व्हायच्या आत त्यांनी गाडीवर भोंगा लावून पंचक्रोशीत सांगून टाकलं होतं, की आमच्या मंडईत आकाशातून आगीचा गोळा पडणार. धनराजभाऊंना घेऊन ते संध्याकाळी आले. व्हिडिओ त्यांनी अजून बघितले नव्हते, किंवा बघून मानले नव्हते.

"पयलावालाच आनजा," देवरावजींनी बजावलं. "ते पिल्लू नोको. लोक बैलबंड्या जुपून येऊन राहिले. नाई दिसला तं पुढच्या साली आमचे पोट्टे हंगामा ठरवतीन, मग मले बोलू नोका." हंगामा म्हणजे नाटकाऐवजी नुसता नाचगाण्याचा कार्यक्रम, तरुणांना अलीकडे तोच हवा असतो.

देवरावजी निघून गेले. मनोहर म्हणाला, नाटकाआधी मी लोकांना खरं सांगून टाकतो.

धनराजभाऊंनी कपाळाला हात लावला. "अरे, गप राह्य ना! नाटक होऊन जाऊ दे. नाई दिसला तं सांगू, हवा होती, ढग होते. काहून आपल्याच हातानं आपलं नाटक पाडतं?"

"उद्या ते म्हनतीन, मनोहरचा गोळा पायला," मनोहर म्हणाला. "माहा तं कोनी पायलाच नाई, भाऊ. अडकला ना तो."

"बरं. सांग. पन नाटक पडलं तं सकाळीच मी स्क्रीनवाल्याले फोन करतो." मग ते माझ्याकडे वळले. "तुमी शिकलेले मानूस. समजवा तुमच्या साळ्याले."

मी गप्प राहिलो. गप्प राहणं हा माझा एकूणच स्वभाव, आणि फाल्गुनापासून तर तो धंदाच झाला होता. वहिनी दारातून म्हणाल्या, "भाऊजी, बोला ना. बाई असती तं आतापर्यंत दोघायचे बी कान उपटले असते."

"मला मनोहरचा गोळा पूर्ण बघायचाय," मी म्हटलं. "अर्धाच बघितला."

हे समजावणं नव्हतं. पण धनराजभाऊ उठले, चप्पल घातली, आणि जाता जाता म्हणाले, "सगळं खानदानच असं."

नदीपलीकडे

चुलबंद आम्ही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून ओलांडली. पडदे, पेट्या, ऑर्गन, मध्ये रजईत गुंडाळलेला गोळा, आणि त्याच्यावर हात ठेवून बसलेला मनोहर. वहिनींनी झिंग्यांची चटणी आणि भाकरी बांधून दिली होती. तळ्यातले हे सुके झिंगे आमच्या जवळ्याहून धीट असतात. डोळ्यांत पाणी आणूनच थांबतात. "समुद्राच्या मानसाले तिखट लागलं," म्हणून ट्रॉलीभर आनंद झाला.

या गावातही चिंच होती, पण आधीच्याहून दाट. मनोहरने चकरी बदलली होती, तिला वंगण दिलं होतं, कडेला पट्टी ठोकली होती. दुपारी दोनदा गोळा सोडून बघितला. दोन्हीदा नीट गेला. प्रश्न राहिला बंडूचा. त्याचे दोन्ही हात फडक्यात बांधलेले. बाकी सगळी माणसं स्टेजवर, कुणी मिशी लावून, कुणी साडी नेसून.

मनोहरने माझ्याकडे बघितलं.

"मी ग्रंथपाल होतो," मी म्हटलं.

"पुस्तकं जड ऱ्हायतेत," तो म्हणाला आणि दोर माझ्या हातात दिला.

गर्दी लोटली होती. आपल्या गावच्या नाटकाची सवय असलेले आणि गोळ्यासाठी दुरून आलेले लोक नुसते बघूनच वेगळे ओळखू येत होते. दुरून आलेले आतापासूनच वर बघत होते. नांदी व्हायच्या आधी मनोहर पडद्यासमोर आला. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि माइक तोंडाला फार जवळ धरला होता.

"परवाच्या दिवशी आभायात दिसला तो गोळा माहा नव्हता," तो म्हणाला. "तो आभायाचा होता. चिखल्याले दिसला, नागपूरले दिसला. माहा लहान हाय. इथंच दिसन, दुसरीकडं कुठीच दिसनार नाई."

कुजबुज झाली. मागून कोणीतरी ओरडलं, "मंग आमाले बलावलं कायले?"

"तो फुकटचा होता," मनोहर म्हणाला. "तुमी पायला, मी बी पायला. माहा तिकिटाचा हाय. आवडला नाई तं मले बोलजा, आभायाले नाई."

काही लोक हसले. पुढच्या रांगेत देवरावजी हाताची घडी घालून बसले होते. ते हसले नाहीत. दोन बैलबंड्या जुंपून निघूनही गेल्या, त्यांच्या घुंगरांचा आवाज मला झाडापाशी ऐकू आला. मनोहर परत आला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता, आणि हवा तर चांगली गार होती.

नाटक आम्ही दोघांनी चिंचेखाली उभं राहून ऐकलं. फांद्यांमुळे मला स्टेजची फक्त एक कड दिसत होती, आणि प्रेक्षकांच्या पाठी. आपण ज्यासाठी बोललो तेच आपल्याला दिसणार नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. मनोहरला ते आधीच कळलं असावं. त्याने दोनदा दोर माझ्या हातातून घेऊन बघितला आणि दोनदा परत दिला. भाऊ विहिरीत पडला. नायिका गायली. आईने शाप दिला. ती नटी फार चांगली होती, तिने शाप देताना आवाज चढवलाच नाही.

"सोडा," मनोहर म्हणाला.

मी मुठी सैल केल्या. दोर हातातून सापासारखा वर पळाला. वर पानांतून काहीतरी लाल निघालं, आणि तेवढंच मला दिसलं. पण पाठी मला दिसत होत्या. आधी झाडाजवळच्या माथ्यांवर उजेड आला, मग त्यापुढच्या, मग त्यापुढच्या. डोकी एकामागून एक वळत गेली. कोणी वर आभाळाकडे बघत नव्हतं. लाल उजेड माणसांवरून पुढे पुढे गेला, कुठेही अडला नाही, आणि स्टेजवर बंगल्याचे दोन तुकडे झाले. पत्रा गडगडला, आणि या वेळी त्या माणसाने तो जीव तोडून हलवला.

टाळ्या लगेच आल्या नाहीत. मनोहरने माझा दंड धरला होता.

मग पुढच्या रांगेतून, अगदी देवरावजींच्या आवाजात, आलं, "वन्स मोर!"

एकाने म्हटलं आणि सगळ्यांनी उचललं. झाडीपट्टीत वन्स मोर नुसता गाण्याला मिळत नाही. भांडणाला मिळतो, शापाला मिळतो. खलनायक चांगला मेला तर त्याला उठून पुन्हा मरावं लागतं, आणि तो आनंदाने मरतो. आमच्याकडे असं कोणी मागितलं तर त्याला बाहेर काढतील. मी मनोहरकडे बघितलं. गोळा तर पडून गेला होता.

पाठीमागून धनराजभाऊ धापा टाकत आले. "पुढच्या गावाले तार लांब घे," एवढंच ते मनोहरला म्हणाले, आणि तसेच परत पळाले. त्यांना बंगला पुन्हा जोडून घ्यायचा होता.

"ओढा, भाऊजी," मनोहर म्हणाला. "मागं ओढा."

"सगळ्यांसमोर?"

"मंग काय पडदा टाकायचा? ओढा."

मी दोर ओढला. तिकडे दुष्ट माणूस उठून कपडे झटकत होता, त्याचा बंगला उभा राहत होता. आणि उतरलेला तारा शेपटी पुढे करून, लोकांच्या माथ्यांवरून, उलटा वर चढायला लागला. लोक हसत होते, टाळ्या वाजवत होते, त्याच्याबरोबर मान मागे मागे वळवत होते. आता ते सगळे चेहरे माझ्याकडे होते, लाल उजेडातले, आणि मला फार घाई झाली. मी हातावर हात टाकून भराभर खेचू लागलो.

मनोहरने त्याचे रंगाचे हात माझ्या हातांवर ठेवले.

"हळू, भाऊजी," तो म्हणाला. "खाली जोरात येऊ द्यायचा. वर जाताना हळू."